घरगुती वीजपॅनेलची क्षमता

घरातल्या वितरण पेटीतून, म्हणजे बोलीतल्या डीबीतून, धोक्याविना सतत वाहू शकणारा जास्तीत जास्त प्रवाह म्हणजे त्या पॅनेलची क्षमता. ती अँपिअरमध्ये सांगतात. व्याख्या एवढीच आहे, पण पेटी उघडली की चार-पाच वेगवेगळे आकडे दिसतात आणि त्यांतला एकही एकट्याने क्षमता सांगत नाही. ठाणे-नवी मुंबईत तिसरा एसी किंवा विजेवरच्या गाडीचा चार्जर घ्यायचा म्हटले की ‘पॅनेल मोठे करून घ्या’ हा सल्ला ठरलेला असतो. तो मानण्याआधी हे आकडे वाचता यायला हवेत.

आधी पेटीचा आकार. ‘आठ वे’, ‘बारा वे’ ही एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह झाला की आपोआप बंद होणारे छोटे स्विच, बसवण्याच्या जागांची संख्या असते, त्यावरून पेटी किती प्रवाह पेलेल हे कळत नाही. आरसीसीबी या सुरक्षा-स्विचवर ‘६३ अँपिअर’ लिहिलेले असते, म्हणजे तेवढा प्रवाह ती वाहून नेऊ शकते. ती जास्त भाराने पडत, म्हणजे आपोआप बंद होत, नाही. तिचे काम गळतीचा प्रवाह ओळखण्याचे आहे आणि माणसाच्या बचावासाठी घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावतात. ‘६०००’ किंवा ‘१००००’ हा चौकटीतला आकडा शॉर्टसर्किटचा किती मोठा प्रवाह एमसीबी तोडू शकतो ते सांगतो. रोजच्या भाराशी त्याचा संबंध नाही, पण संकुलातच ट्रान्सफॉर्मर असेल तर १०००० चा एमसीबी घेणे शहाणपणाचे.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या एमसीबीच्या बाबतीत. सी १६, सी २०, सी ३२ यांतले अक्षर सुरुवातीचा झटका किती सोसायचा ते सांगते: बी प्रकार आपल्या आकड्याच्या तिप्पट ते पाचपट प्रवाहाला लगेच पडतो, सी प्रकार पाचपट ते दहापटीला. एसीच्या कॉम्प्रेसरसाठी म्हणून सी वापरतात. आकडा मात्र मागच्या वायरीच्या रक्षणाचा असतो. भिंतीतल्या पाइपातून गेलेली अडीचची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर साधारण १८ ते २० अँपिअर पेलते, चारची २५च्या आसपास, दीडची १५च्या आत-बाहेर. एकाच पाइपात वायरी दाटीने कोंबल्या असतील तर हे आकडे आणखी खाली येतात. गिझर आणि एसी एकाच अडीचच्या वायरीवर असतात, १६ चा एमसीबी वारंवार पडतो, आणि कुणीतरी त्याजागी ३२ चा बसवून देतो. आता पडणे थांबते. पण ३२ चा एमसीबी ३६ अँपिअरपर्यंत तासभर न पडता राहू शकतो आणि ४६ च्या पुढे तासाभरात पडणे त्याला बंधनकारक आहे. तोवर भिंतीतल्या वायरीचे ७० अंशांपर्यंत टिकणारे पीव्हीसी वेष्टण तापून कडक होते, तडकते. यासारखा घातक ‘अपग्रेड’ दुसरा नाही. वायर न बदलता एमसीबी वाढवून देणारा वायरमन कितीही ओळखीचा असला तरी त्याला थांबवावे.

एमसीबी पडला म्हणजे तो बिघडलाच असेही नाही. घरगुती एमसीबीचे प्रमाणन ३० अंश सेल्सिअसला होते. मे महिन्यात सनमायकाच्या बंद कपाटात दडवलेल्या पेटीतले तापमान त्याच्या कितीतरी वर जाते आणि एमसीबी आपल्या आकड्याआधीच पडतो. पेटीपुढचे कपाट काढणे हा पुष्कळदा पुरेसा उपाय असतो.

पॅनेलच्या मागे मीटर, मीटर रूममधून वर आलेली केबल आणि मंजूर भार अशी साखळी असते, आणि तिच्यातली सर्वांत कच्ची कडी हीच घराची खरी क्षमता. मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने घराला मान्य केलेला भार, महावितरणच्या बिलावर किलोवॅटमध्ये छापलेला असतो. मीटरवर ‘५-३०’ किंवा ‘१०-६०’ असे लिहिलेले असते, त्यातला दुसरा आकडा कमाल प्रवाहाचा. घरात १०० अँपिअरचा मेन स्विच लावला आणि मीटर ५-३० चाच राहिला, तर मिळाले काहीच नाही. महाराष्ट्रात एका फेजवर, म्हणजे पुरवठ्याच्या एकाच जिवंत तारेवर, ४० अँपिअरपर्यंत पुरवठा मिळतो, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ९.२ किलोवॅट. त्यापुढे तीन फेज.

घोडबंदर रोडवरच्या थ्रीबीएचकेचे उदाहरण घेऊ. दीड टनाचे तीन एसी सुमारे ४.८ किलोवॅट, दोन गिझर ४, इंडक्शन २, वॉशिंग मशिन २, मायक्रोवेव्ह, फ्रिज, दिवे-पंखे मिळून २. बेरीज १४.८ किलोवॅट, म्हणजे ६४ अँपिअर. हे ऐकून घाबरायचे कारण नाही. मेच्या रात्री तिन्ही एसी, फ्रिज आणि पंखे चालतात तेव्हा प्रवाह २५ अँपिअरच्या घरात असतो. डिसेंबरच्या सकाळी दोन्ही गिझर आणि इंडक्शन एकदम लागले तरी तो ३० च्या आसपास राहतो. या घराला एक फेज पुरतो. ७.४ किलोवॅटचा चार्जर मात्र एकटाच ३२ अँपिअर घेतो, तोही कित्येक तास सलग. तिथे तीन फेजचा विचार खरा ठरतो.

वाशीतली सिडकोची सुरुवातीची घरे आणि नौपाड्यातल्या जुन्या इमारती दिवे, पंखे, फार तर एका फ्रिजच्या हिशोबाने बांधलेल्या. काही घरांत अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि ॲल्युमिनियमच्या वायरी सापडतात. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबते, त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, आणि खाडीकाठच्या दमट हवेत तांब्याशी थेट जोडलेला सांधा लवकर खराब होतो. अशा घरात पेटीआधी वायरिंग आणि अर्थिंग बदलावे, पैसे त्या क्रमानेच खर्च करावेत.

भार वाढवण्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा लागतो आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. कळवा, मुंब्रा आणि शीळ भागांत २०२० पासून हे काम टोरंट पॉवर ही फ्रँचायझी पाहते. मीटरचे सील स्वतः तोडणे विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली अंगलट येऊ शकते. सोसायटीच्या मीटर रूममधली मुख्य केबल सर्वांची असल्याने ती वाढीव भार पेलेल का, हे आधी समितीला विचारावे. तीन फेज घेतल्यावर भार तिन्हींवर सारखा वाटून घ्यावा आणि न्यूट्रलचा (परतीच्या तारेचा) सांधा दरवर्षी तपासून घ्यावा: तो सुटला तर २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकते, आणि त्यात टीव्ही-फ्रिज काही क्षणांत जळतात.