उष्णता आणि ऊर्जा : लघु चित्रफितींतून अध्यापन

उष्णता, तापमान आणि ऊर्जा या संकल्पना शाळकरी मुलांना एक ते सहा-सात मिनिटांच्या चित्रफिती दाखवून शिकवण्याची पद्धत. एका फितीत एकच मुद्दा, असा तिचा साधारण बाज असतो : बर्फ वितळताना तापमान का वाढत नाही, माठातले पाणी गार कसे होते, विजेरीच्या सेलमधली ऊर्जा शेवटी जाते कुठे. फीत वर्गात प्रोजेक्टरवर किंवा टीव्हीवर, नाहीतर घरी पालकांच्या मोबाइलवर पाहिली जाते. शाळेत तिला सरसकट ‘व्हिडिओ’ म्हणतात. ‘चित्रफीत’ हा शब्द परिपत्रकांत आणि अशा नोंदींत उरला आहे.

बालभारतीच्या २०१७ आणि २०१८ साली आलेल्या पाठ्यपुस्तकांत हा विषय चढत्या क्रमाने येतो. वहन (स्पर्शातून), अभिसरण (पाणी-हवेच्या प्रवाहातून) आणि प्रारण (स्पर्शाशिवाय, दुरूनच) या उष्णता पसरण्याच्या तीन रीतींची ओळख खालच्या वर्गांत होते. उष्णतेचे मापन आठवीत, कार्य आणि ऊर्जा नववीत, तर अप्रकट उष्मा (तापमान न वाढवता बर्फाचे पाणी किंवा पाण्याची वाफ करण्यात खर्च होणारी उष्णता), विशिष्ट उष्माधारकता आणि पाण्याचे असंगत आचरण दहावीत आहे. प्रकाश आरशावर पडताना दिसतो, चुंबक टाचणी ओढताना दिसतो. उष्णता मात्र दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतात ते तिचे परिणाम. पारा चढतो, तूप पातळ होते, लोखंड तांबडे होते. त्यामुळे उष्णतेवरची फीत करणारा नेहमी काहीतरी दुसरेच दाखवत असतो आणि त्यावरून उष्णतेचा अंदाज मुलाने बांधायचा असतो. या विषयावरच्या फिती जमतात किंवा फसतात त्या इथेच.

मराठी मुलाच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. ‘उष्णता’ हा शब्द त्याने विज्ञानाच्या तासाआधी कितीतरी वेळा ऐकलेला असतो, पण वेगळ्याच अर्थाने. तोंड आले की आजी म्हणते, ‘उष्णता झालीय, सब्जाचं पाणी पी.’ पपई उष्ण, गुलकंद थंड; फ्रिजमधून काढलेली पपईसुद्धा उष्णच. या उष्णतेचा तापमापीशी काही संबंध नाही, हे वर्गात कोणी सांगत नाही आणि मूलही विचारत नाही. दार उघडे राहिले की ‘गारठा आत येतोय’ असे घरात म्हणतात, म्हणजे गारठा ही आत-बाहेर करणारी वस्तूच झाली. पुस्तक सांगते की आतली उष्णता बाहेर जाते. ऊर्जेचे तसेच. बोलताना ऊर्जा, शक्ती, बल आणि ताकद एकाच पोत्यात असतात. भौतिकीत पहिल्या तिघींचे अर्थ वेगळे आहेत आणि एककेही वेगळी.

याच भाषेने एक आयती सोयही करून ठेवली आहे. तव्याला बोट लागले तर बसतो तो चटका. होळीपासून चार हात दूर उभे राहूनही चेहऱ्याला लागते ती धग. एप्रिलच्या दुपारी एसटीच्या खिडकीतून तोंडावर येते ती झळ. पहिले वहन, दुसरे प्रारण, आणि तिसरीत गरम हवा स्वतःच उष्णता वाहून आणते. बोलण्यात धग आणि झळ एकमेकींच्या जागी येतात हे खरे, पण तीन प्रकार वेगळे आहेत हे अंगाला आधीच माहीत असते. मराठी फितींनी हा साठा फारसा वापरलेला नाही. बहुतेक जणी व्याख्येपासून सुरू होतात. सेमी-इंग्रजी वर्गातल्या मुलाला तर शाळेत ‘हीट’ आणि घरी ‘उष्णता’ अशा दोन स्वतंत्र गोष्टी शिकाव्या लागतात.

मुलाच्या मनात आधीपासून असलेली ही समजूत बाजूला ठेवून केलेले नितळ स्पष्टीकरण किती उपयोगी पडते, यावर डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ साली पूर्ण केलेल्या पीएच. डी. संशोधनात काम केले. त्यातल्या प्रयोगांत न्यूटनच्या गतिनियमांसारखे विषय होते, उष्णता नव्हती. पण निष्कर्ष इथेही लागू पडतो. सरळ, स्वच्छ समजावून सांगणारी फीत विद्यार्थ्यांना ‘सोपी’, ‘स्पष्ट’ वाटली आणि चाचणीतले गुण फारसे हलले नाहीत. जिच्यात चुकीची समजूत आधी मांडून मग खोडली होती, ती फीत त्यांना गोंधळाची वाटली, डोके जास्त चालवावे लागले, आणि गुण वाढले ते तिथेच. पहिल्या प्रकारात विद्यार्थी आपल्याला आधीच ठाऊक असलेलेच ऐकतो आणि मान डोलावतो. मुलर यांनी २०११ पासून ‘व्हेरिटेसियम’ ही विज्ञानविषयक वाहिनी चालवली आणि तिच्या सुरुवातीच्या फितींत रस्त्यावरच्या माणसांना आधी अंदाज विचारण्याची रीत ठेवली.

याचे घरगुती उदाहरण असे. ओट्यावर जाड ॲल्युमिनियमचा तवा आणि लाकडी पोळपाट रात्रभर शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. सकाळी हात लावला तर तवा गार लागतो, पोळपाट नाही. फीत इथे थांबते आणि विचारते : दोन्हींवर बर्फाचा एकेक खडा ठेवला, तर आधी कुठला वितळेल? वर्गातून ‘पोळपाटावरचा!’ असा गलका होतो, कारण पोळपाट ‘गरम’ आहे. फीत पुढे चालू केली की तव्यावरच्या खड्याखाली लगेच पाणी पसरू लागते, खडा घसरतो आणि बघता बघता लहान होतो. पोळपाटावरचा जवळजवळ तसाच बसलेला असतो. दोन्हींचे तापमान एकच होते. ॲल्युमिनियम लाकडापेक्षा हजारपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहते, म्हणून ते हाताकडून भराभर उष्णता घेते आणि बर्फाला भराभर देते. हात तापमान मोजत नाही, उष्णता किती वेगाने जाते-येते ते सांगतो. अंदाज, निरीक्षण आणि मग स्पष्टीकरण हा क्रम रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टोन यांनी १९९२ च्या पुस्तकात विस्ताराने मांडला. चित्रफितीला तो विशेष मानवतो, कारण तिला मधेच थांबवता येते. मात्र थांबवणारा शिक्षक हवा. फीत एकटी चालली की मूल उत्तराची वाट बघते, अंदाज करत नाही.

उष्णतेच्या घटना संथ असतात, आणि काळ आखडून दाखवणे हे कॅमेऱ्याचे मोठे बळ. पण त्यातच एक खोच आहे. ० अंशावरच्या १०० ग्रॅम बर्फाला एकसारखी उष्णता देत राहिलो, तर तो वितळायला ८,००० कॅलरी लागतात, झालेले पाणी १०० अंशांपर्यंत तापायला १०,००० आणि त्याची पूर्ण वाफ व्हायला ५४,०००. उष्णता वाया जात नाही असे धरले आणि वितळायला ४ मिनिटे लागली, तर तापायला ५ आणि वाफ व्हायला २७. संकलकाला तापण्याचा भाग हलता, म्हणून रंजक वाटतो. २७ मिनिटे एका जागी खिळलेला पारा त्याला कंटाळवाणा वाटतो आणि तो ते कापून टाकतो. अप्रकट उष्मा नेमका त्या कंटाळ्यात असतो. चांगल्या फितीत पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ आणि तापमापी दोन्ही शेवटपर्यंत दिसतात, आणि सगळा प्रयोग एकाच पटीत वेगवान केलेला असतो.

अभिसरणाचा प्रयोग मात्र कॅमेऱ्यासाठीच जन्मल्यासारखा आहे. चंचुपात्रातल्या पाण्यात तळाशी एका कडेला पोटॅशिअम परमँगनेटचा खडा सोडायचा आणि बरोबर त्याखाली मंद ज्योत धरायची. थोड्या वेळाने खड्यातून जांभळा धागा सुटतो, सरळ वर जातो, पृष्ठभागाखाली छत्रीसारखा पसरतो आणि पलीकडच्या काचेलगत खाली उतरू लागतो. वर्गात हे पहिल्या बाकावरच्या चौघांना दिसते आणि बाकीचे ‘बाई, दिसत नाही’ म्हणतात. मागे पांढरा कागद लावून जवळून घेतलेल्या दृश्यात ते पन्नास जणांना दिसते. उलट इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ ज्यूलच्या प्रयोगाचे. घसरत्या वजनाने पाणी घुसळून त्याने कार्य आणि उष्णता यांचा हिशेब जुळवला, पण १० किलोचे वजन २ मीटर खाली आले तरी १ लिटर पाणी तापते जेमतेम ०.०५ अंश. पडद्यावर काहीच घडत नाही. त्यापेक्षा काउंट रम्फर्डची म्युनिकमधली तोफ बरी : १७९८ साली त्याने नोंदवले, की बोथट गिरमिटाने तोफ कोरताना झालेल्या घर्षणाने भोवतीचे पाणी अडीच तासांत उकळले.

प्रसरणासाठी महाराष्ट्रातल्या गावांत एक जुना देखावा आहे, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवण्याचा. चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान केलेले लोखंडी कडे जमिनीवर ठेवतात, त्याभोवती गोवऱ्या रचून पेटवतात. कडे लाल झाले की तिघे-चौघे चिमट्यांनी उचलून ते लाकडी चाकावर बसवतात, घणाने ठोकतात. लाकूड धुरकटते, कडेला जाळही धरतो, आणि लगेच पाणी ओततात. वाफेच्या फुत्कारात चाकाचे सांधे कुरकुरत आवळले जातात. धावेचा परीघ ४ मीटर आणि तापमानातली वाढ ५०० अंश धरली तर परीघ साधारण २.४ सेंटिमीटरने वाढतो. रेल्वेच्या रुळांमधल्या फटींचे उदाहरण पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आता वितळवून सलग जोडलेले लांबच लांब रूळ आल्यामुळे मुलांना ती फट सहसा सापडतही नाही. धाव चढवणारे हातही कमी झाले आहेत, म्हणून हे चित्रण वेळेत व्हायला हवे.

औष्णिक कॅमेऱ्याने, म्हणजे वस्तूंतून निघणारे अदृश्य उष्ण प्रारण टिपणाऱ्या कॅमेऱ्याने, अदृश्य ते दृश्य केल्यासारखे वाटते. फरशीवर तळहात टेकवून उचलला की मागे पंजाचा उजळ ठसा राहतो आणि हळूहळू विझतो. मुले यावर बेहद्द खूष असतात. पण त्यातले लाल-पिवळे रंग संगणकाने भरलेले असतात. चकचकीत स्टीलच्या भांड्यात उकळते पाणी असले तरी या कॅमेऱ्यात भांडे गारच दिसते, कारण चकचकीत पृष्ठभाग प्रारण फार कमी सोडतो आणि भोवतालचे परावर्तित करतो. त्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला की तेवढाच चौकोन उजळतो. ही गोष्ट दाखवली नाही तर कॅमेरा थेट ‘उष्णता बघतो’ असा नवा गैरसमज पक्का होतो. सचेतनपटांतही (ॲनिमेशनमध्ये) असेच घडते. गरम पदार्थाचे रेणू तांबडे आणि फुगलेले, थंडाचे निळे आणि बारके काढले, की मुले तापल्यावर रेणूच मोठा होतो असे लिहून येतात. वाढते ते रेणूंमधले सरासरी अंतर.

ऊर्जेवरच्या फिती सामान्यतः जास्त ढिसाळ असतात. कोयनेचे पाणी, टर्बाइन, जनित्र, तारा, घरातला दिवा अशी बाणांची माळ ओवली की झाले. सगळे बाण सारख्याच जाडीचे. कोळशावरच्या वीजकेंद्रात जळणातून निघालेल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच वीज होतो आणि उरलेली शीतक मनोऱ्यांतून व धुराड्यांतून निघून जाते, हे त्या बाणांत दिसत नाही. मग नववीतला एखादा मुलगा हमखास विचारतो : ऊर्जा नष्टच होत नाही, तर ‘ऊर्जा वाचवा’ कशाला? बंद खोलीत पंखा सोडला तर खोलीतली हवा गार होते की गरम, या प्रश्नावर दोन मिनिटांची फीत याचे उत्तर देऊ शकते. ७५ वॅटचा पंखा अखेर ती सगळी ऊर्जा खोलीतच उष्णतेच्या रूपात सोडतो, आणि ती गोळा करून पुन्हा पंखा फिरवता येत नाही. गार वाटते ते घाम वाळल्यामुळे.

पद्धत दिसते तितकी नवी नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांत ८ मिलिमीटर फिल्मच्या बंद डब्या आल्या. चारेक मिनिटांची, बहुधा मुकी, एकाच संकल्पनेची फिल्म संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होई, आणि बोलणे शिक्षकाकडे राही. ती मुकेपणाची सोय पुढे हरवली. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी स्थापन झाली. तिचे मराठी शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचले आणि एका पिढीला तिची शीर्षकधून अजून आठवते; २०१७ मध्ये ती बंद झाली. पुण्यातच आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांवर छोट्या फिती केल्या. त्या अनेक भाषांत, मराठीतही, मोफत आहेत. गुप्ता यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्या फितींत चेहरा क्वचित दिसतो, दिसतात ते हात, आणि मूल लगेच वस्तू शोधायला उठते. करोनाकाळात २०२० च्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीसाठी दाखवली गेली. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर जाता येते. याशिवाय जिल्हा परिषद शाळांतले शिक्षक स्वतःच्या मोबाइलवर फिती करून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात. त्यांत मागे कोंबडा आरवतो, पण उदाहरण गावातलेच असते.

लांबीबद्दल फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या सुमारे ६९ लाख पाहण्यांवरून त्यांना दिसले, की फीत कितीही लांब असली तरी मध्यक प्रेक्षक, म्हणजे पाहण्याचा वेळ क्रमाने लावल्यास बरोबर मधोमध येणारा, सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही. हे एकटे बसून पाहणारे विद्यार्थी होते. शिक्षकासह भरलेल्या वर्गाला तोच आकडा जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल.

जाळाचे प्रयोग पाहून मुले घरी करतात. पाणी भरलेला कागदी कप ज्योतीवर धरला तरी जळत नाही, कारण पाणी कागदाला १०० अंशांच्या फार वर जाऊ देत नाही आणि कागद पेटायला दोनशेहून अधिक अंश लागतात. पण कपाची पाण्यावरची कड मात्र चटकन पेट घेते. म्हणून अशा फितीत पाण्याची बादली आणि शेजारी उभे मोठे माणूस चौकटीच्या आत ठेवतात. चटका पडद्यावरून बसत नाही. तवा आणि पोळपाटाची फीत दाखवण्याआधी या दोन्ही वस्तू वर्गात हातोहात फिरवल्या, तर बर्फाच्या प्रश्नावर अधिक जोरात भांडण होते.