पार्श्वभूमी : ‘सिव्हिलायझेशन’चा नवा भाग नेमका कशाशी ताडून पाहिला जातो?

‘सिव्हिलायझेशन’ या डावपेचांच्या व्हिडिओ गेम मालिकेचा सातवा भाग ११ फेब्रुवारी २०२५ रोजी बाजारात आला आणि स्टीम या संगणकीय गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर खेळाडूंच्या अभिप्रायांचा एकूण शेरा ‘संमिश्र’ असा पडला. पडद्यावरची माहिती अपुरी आणि विस्कळीत आहे, ही तक्रार होतीच. पण तिच्याही वर ऐकू येत होता तो सहावा भागच बरा असल्याचा सूर. पुढच्या काही महिन्यांत स्टीमवर एकाच वेळी खेळणाऱ्यांच्या संख्येत सहावा भाग सातव्याच्या पुढे राहिला आणि अधूनमधून २०१० मधला पाचवाही. हे चित्र नव्या भागाचे अपयश सांगते की या मालिकेची जुनीच रीत, हे ठरवण्यासाठी मागे जावे लागते.

पहिला भाग १९९१ मध्ये मायक्रोप्रोज या कंपनीने डॉस या तेव्हाच्या संगणक प्रणालीसाठी काढला. रचना सिड मायर आणि ब्रूस शेली यांची होती. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी एका वसाहतकारापासून सुरुवात करायची, शहरे वसवायची, शोध लावायचे आणि अंतराळापर्यंत पोचायचे, हा मूळ सांगाडा तेव्हाच पक्का झाला. त्याची एक खोड मात्र कुप्रसिद्ध होती. दोन तुकड्यांची लढत एकाच फटक्यात, ताकदीच्या प्रमाणात नशिबावर निकाली निघत असल्याने तटबंदीत बसलेले भालाईत कधीकधी रणगाड्याला धूळ चारीत. ब्रायन रेनल्ड्स यांनी रचलेल्या दुसऱ्या भागाने (१९९६) प्रत्येक तुकडीला जीवनांक (ती किती मार सोसू शकते) आणि मारकशक्ती (ती किती मार देऊ शकते) असे दोन निराळे आकडे दिले आणि लढत अनेक फेऱ्यांत विभागली. भालाईताचा चमत्कार पुरता संपला नाही, पण दुर्मीळ झाला. मुळातले जे खटकत होते ते दुरुस्त झाले आणि जे आवडले होते त्याला धक्का लागला नाही, त्यामुळे हा बदल जवळपास निर्विवाद ठरला. आणखी एक साधे कारण होते. तेव्हा संगणक बदलला की जुना गेम बहुधा मागेच पडे. नव्याची गाठ जुन्याच्या आठवणीशी पडायची, चालत्या गेमशी नव्हे.

त्याच वर्षी मायर, रेनल्ड्स आणि जेफ ब्रिग्ज यांनी मायक्रोप्रोज सोडून फिराक्सिस ही कंपनी काढली. तिच्या तिसऱ्या भागाने (२००१) सांस्कृतिक प्रभावाने सरकणाऱ्या सीमा आणि लोखंड-घोड्यांसारखी साधनसंपत्ती आणली. या कल्पना आज मालिकेचा कणा मानल्या जातात. मात्र अनेकांनी मिळून खेळण्याची सोय, जी दुसऱ्या भागाला नंतरच्या आवृत्तीत मिळालेली होती, ती तिसऱ्यात सुरुवातीला नव्हतीच. २००२ मधल्या एक्स्पान्शनने, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडायच्या पुरवणीने, ती आणली. पुढच्या दोन दशकांच्या भांडणाचे बीज इथे दिसते, कारण खेळाडू नव्या भागाचा कोरा पाया घेऊन तो जुन्या भागाच्या भरल्या घराशी ताडून पाहू लागले होते.

सोरेन जॉन्सन यांच्या चौथ्या भागाने (२००५) धर्म आणला, महापुरुषांना मोठे स्थान दिले आणि गेमचे बरेच अंतरंग खेळाडूंना बदलता येईल असे मोकळे ठेवले. ‘बियॉन्ड द सोर्ड’ (२००७) या एक्स्पान्शननंतर तो इतका भरगच्च झाला की अनेक जुन्या खेळाडूंचा मापदंड आजही तोच आहे.

मग सप्टेंबर २०१० मध्ये पाचवा भाग आला आणि आज चाललेला वाद त्याच शब्दांत तेव्हा झडला. रचनाकार जॉन शेफर यांनी नकाशावरच्या चौकोनी घरांच्या जागी षटकोन आणले आणि एका घरात एकच लढाऊ तुकडी हा नियम केला. चौथ्या भागात एकाच घरात वीस-पंचवीस तुकड्या रचून शत्रूच्या शहरावर लोटता येत. खेळाडू त्या ढिगाऱ्याला ‘स्टॅक ऑफ डूम’ म्हणत. नव्या नियमाने नदी, टेकडी, खिंड यांना अर्थ आला. तिरंदाज मागे आणि भालाईत पुढे उभे करणे हा खराखुरा विचार झाला. पण प्रतिस्पर्धी म्हणून खेळणाऱ्या संगणकाला हे जमेना. त्याच्या तुकड्या एकमेकींची वाट अडवत आणि चांगला खेळाडू मूठभर सैन्यावर अख्खे आक्रमण परतवून लावी. शेफर यांनी स्वतः पुढे २०१३ मध्ये या नियमाचे हे दुबळे अंग मान्य केले. शिवाय चौथ्या भागातले धर्म आणि हेरगिरी पाचव्यातून गायब होते. ते ‘गॉड्स अँड किंग्ज’ने (२०१२) परत आणले, तर ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ने (२०१३) व्यापारी मार्ग आणि विचारसरणी यांची भर घातली. आज पाचव्याची आठवण काढणारे बहुतेक जण या दोन एक्स्पान्शननंतरच्या पाचव्याविषयी बोलतात, २०१० च्या नव्हे. तुलनेतला हा घोळ लक्षात घेतल्याशिवाय सातव्याविषयी न्याय्य बोलता येणार नाही, असे मला वाटते.

सहाव्या भागाने (ऑक्टोबर २०१६) शहराचा पसारा नकाशावर पसरवला : विद्यापीठाचा परिसर एका षटकोनात, बंदर दुसऱ्यात, बाजार तिसऱ्यात. रचनाकार एड बीच यांनीच पाचव्याची दोन्ही एक्स्पान्शन घडवली होती, त्यामुळे या वेळी धर्म आणि व्यापार पहिल्या दिवसापासून हजर होते. तरीही चित्रशैली व्यंगचित्रासारखी आहे म्हणून आरडाओरड झाली आणि २०१७ मध्येही स्टीमवर पाचव्याचे खेळाडू सहाव्यापेक्षा जास्त होते. ‘राइझ अँड फॉल’ (२०१८) आणि ‘गॅदरिंग स्टॉर्म’ (२०१९) आल्यावर वारे फिरले. म्हणजे मागचा भाग काही काळ पुढे राहणे, एवढ्यावरून सातव्याला नापास करता येत नाही.

तरीही सातव्याचे प्रकरण केवळ पुनरावृत्ती म्हणून सोडून देता येत नाही. एक तृतीयांश जुने ठेवायचे, एक तृतीयांश सुधारायचे आणि एक तृतीयांश नवे आणायचे, हा मायर यांच्या नावावर सांगितला जाणारा नियम फिराक्सिस वर्षानुवर्षे सांगत आली आहे. सातव्याने हात घातला तो नेमका जुन्या तृतीयांशाच्या गाभ्याला. डाव आता प्राचीन, अन्वेषण आणि आधुनिक अशा तीन युगांत तुटतो, युग बदलले की खेळाडू आपली संस्कृती, म्हणजे ज्या समाजाच्या वतीने तो खेळतो तो समाज, बदलतो आणि नेता मात्र तोच राहतो. २०२१ च्या ‘ह्यूमनकाइंड’ या प्रतिस्पर्धी गेमने संस्कृती बदलण्याची कल्पना आधी वापरून पाहिली होती. षटकोन आले किंवा शहर पसरले तरी एकच समाज सहा हजार वर्षे तगवण्याची गंमत शाबूत होती. ती इथे पणाला लागली.

भारतीय वाटेवर हे जवळून पाहता येते. सातव्याच्या मूळ गेममध्ये अशोक हा नेता घेऊन मौर्यांपासून सुरुवात करता येते, पुढे चोल होता येते आणि शेवटी मुघल. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत प्रत्येक भागात असलेले गांधी सुरुवातीच्या यादीत नव्हते. चोलांचा समावेश सुखावणारा आहे. पण गेममधले आधुनिक युग साधारण अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुरू होते, आणि त्या वेळी मुघल बादशाहीची सत्ता दिल्लीच्या आसपास आक्रसलेली असताना मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या होत्या. त्या युगाचा भारत म्हणून मुघल पुढे येतात तेव्हा मराठी खेळाडूच्या भुवया उंचावणारच. अखंड एका संस्कृतीच्या जुन्या पद्धतीत ‘भारत’ हे एकच ढोबळ नाव सगळे झाकून घेई. तुकडे केल्यावर कोणता तुकडा निवडला, याचा जाब द्यावा लागतो.

युगबदलाचा धक्का सौम्य करण्यासाठी कंपनीने २०२५ मध्ये एकामागून एक सुधारणा दिल्या, आणि वर्षअखेरीस तर एकच संस्कृती घेऊन सगळा डाव खेळता येईल अशा पर्यायावर काम चालू असल्याचे जाहीर केले. पाचव्या भागाने धर्म परत आणला तेव्हा एक गाळलेले अंग जोडले गेले होते. इथे नव्या भागाच्या मध्यवर्ती कल्पनेलाच बगल देणारी वाट खेळाडूला द्यायचे ठरले.