व्ह्यूओन्ली आणि ओव्हरलॅप्स एकच नाहीत, कृपया वॉर्निंगची शेवटची ओळ कॉपी करू नका

एसक्यूएल-अल्केमीत, म्हणजे पायथनमधून डेटाबेस वापरायच्या लायब्ररीत, रिलेशनशिप कशी लिहायची हे तुम्हाला येतं असं धरून चालते, फॉरेन की, सेकंडरी, बॅक-पॉप्युलेट्स हे सगळं परत सांगत बसत नाही. माझं म्हणणं एका वॉर्निंगबद्दल आहे, आणि ती आली की रिलेशनशिपवर लावायच्या व्ह्यूओन्ली आणि ओव्हरलॅप्स या दोन पर्यायांबद्दल. मार्च २०२१ मध्ये लायब्ररीचं १.४ व्हर्जन आलं आणि तेव्हापासून जुना प्रोजेक्ट अपग्रेड केला की टर्मिनलवर ती लांबलचक वॉर्निंग येते, अमुक रिलेशनशिप तमुक कॉलममध्ये व्हॅल्यू कॉपी करणार आहे आणि त्याच कॉलममध्ये दुसरी एक रिलेशनशिपही करतीये. त्याच वॉर्निंगमध्ये आधी सांगितलेलं असतं की दोन्ही बॅक-पॉप्युलेट्सनं जोडायच्यात का बघा, एखादी फक्त वाचायला असेल तर व्ह्यूओन्ली लावा. ओव्हरलॅप्स अगदी शेवटी येतं, पण नावांसकट तयार स्ट्रिंग तिथेच दिलेली असते, त्यामुळे लोक तेवढंच उचलतात, चिकटवतात, वॉर्निंग गेली की झालं काम. रिव्ह्यूला हे इतक्या वेळा बघितलंय की आता कारण विचारल्याशिवाय मी ओव्हरलॅप्स पुढे जाऊच देत नाही.

व्ह्यूओन्ली त्या रिलेशनशिपचं डेटाबेसमध्ये लिहिणं थांबवतं. ओव्हरलॅप्स फक्त वॉर्निंग थांबवतं. ओव्हरलॅप्स लावल्यावरही दोन्ही रिलेशनशिप पहिल्यासारख्याच डेटाबेसमध्ये लिहितात, एक अक्षर बदलत नाही.

क्लासच्या ॲडमिशनचं एक सॉफ्टवेअर मी बघत होते, त्यातलंच उदाहरण घ्या. विद्यार्थी, कोर्स आणि मधे प्रवेश नावाचं टेबल. प्रवेशमध्ये स्वतःचा आयडी, विद्यार्थ्याचा आयडी, कोर्सचा आयडी, फी आणि तारीख. विद्यार्थ्यावर दोन रिलेशनशिप, एक सरळ प्रवेशांकडे जाणारी आणि दुसरी तेच टेबल सेकंडरी म्हणजे मधलं जोडटेबल म्हणून वापरून थेट कोर्सेसकडे, कारण नुसती कोर्सची नावं दाखवायची तर दर वेळी प्रवेशमधून कशाला जायचं. इथपर्यंत काहीच चूक नाही, मीही असंच करते. वॉर्निंग आली, कुणीतरी ओव्हरलॅप्स चिकटवलं. पुढे टीममधल्या नवीन मुलानं ॲडमिशनचा कोड लिहिताना फीसकट प्रवेश बनवला आणि कोर्स स्क्रीनवर लगेच दिसावा म्हणून कोर्सेसच्या लिस्टमध्येही ॲपेंड केला. एको, म्हणजे प्रत्येक एसक्यूएल लॉगमध्ये छापायची सेटिंग, चालू करून लॉग बघितला तर एकाच फ्लशमध्ये, म्हणजे साठलेले बदल डेटाबेसला पाठवताना, प्रवेश टेबलात दोन इन्सर्ट, एकात फी ४५०० आणि तारीख, दुसऱ्यात नुसते दोन आयडी, फी नल म्हणजे रिकामी. दोन आयडींच्या जोडीवर युनिकची अट नव्हती त्यामुळे डेटाबेसनंही मुकाट घेतलं आणि ज्यांनी फी भरली होती अशी मुलं फी बाकी असलेल्यांच्या यादीत दिसायला लागली, त्यांच्या घरी फोनही गेले. दोन आयडी मिळून प्रायमरी की असती तर निदान इंटिग्रिटी एरर येऊन तिथेच थांबलं असतं.

काढून टाकतानाही तेच. कोर्सेसमधून कोर्स काढला की ओआरएम (ऑब्जेक्टमधले बदल टेबलात लिहिणारा लायब्ररीचा भाग) प्रवेशमधली रो डिलीट करायला जातं, आणि प्रवेश ऑब्जेक्टही डिलीट केला असेल तर एकाच रोसाठी दोन डिलीट निघतात, दुसऱ्याला शून्य रो सापडतात, आणि मग ते ‘एक रो डिलीट व्हायला हवी होती’ वालं स्टेल डेटा एरर धरून लोक दिवसभर डिबग करत बसतात.

कोर्सेसवर व्ह्यूओन्ली ट्रू असतं तर फ्लशच्या वेळी त्या लिस्टकडे कुणी बघितलंच नसतं, त्या मुलाचं ॲपेंड मेमरीत राहिलं असतं आणि टेबलात एकच रो गेली असती. पण म्हणून व्ह्यूओन्ली म्हणजे कुलूप असंही समजू नका. ॲपेंड केलं तर एरर येत नाही, लिस्टमध्ये कोर्स दिसतोसुद्धा, आणि कमिटनंतर परत लोड झालं की गायब. त्याच्या उलटही होतं, नवीन प्रवेश टाकला तरी आधी लोड झालेली कोर्सेसची लिस्ट आपोआप बदलत नाही, कमिट किंवा रिफ्रेश होईपर्यंत जुनीच दिसते. हे माहीत नसलं की माणूस परत ॲपेंडकडेच वळतो. मला कडक वाचनापुरतं हवं असेल तर रिलेशनशिपचं नाव अंडरस्कोरनं सुरू करते आणि बाहेर टपल परत करणारी प्रॉपर्टी ठेवते.

आणि व्ह्यूओन्ली दोन्ही बाजूंना लावा. विद्यार्थ्याकडून लावलं आणि कोर्सच्या विद्यार्थी लिस्टवर लावायचं राहिलं, तर त्या बाजूनं लिहिणं चालूच राहतं. सेव्ह-अपडेट किंवा डिलीटचा कॅस्केड (एका ऑब्जेक्टवरचं काम जोडलेल्यांवरही आपोआप होणं) व्ह्यूओन्लीवर चालत नाही, १.४ पासून सरळ एरर येतं, तो काढून टाका.

ओव्हरलॅप्सची खरी जागा आहे, पण ती छोटी. कंपोझिट, म्हणजे एकाहून जास्त कॉलमच्या, फॉरेन की असतात तेव्हा. समजा प्रत्येक टेबलात संस्थेचा आयडी आहे आणि पावतीवरून विद्यार्थी आणि बॅच अशा दोन रिलेशनशिप जातात, दोन्ही पावतीतल्या त्याच एका संस्था कॉलममध्ये लिहिणार, आणि विद्यार्थी नि बॅच एकाच संस्थेचे असल्यामुळे व्हॅल्यूही तीच. इथे दोन्हीकडून लिहायचंच आहे, व्ह्यूओन्ली लावलं तर पावतीला बॅचच लागणार नाही. अशा ठिकाणी मी ओव्हरलॅप्स लिहिते आणि वर एक ओळ कॉमेंट टाकते की दोन्हीकडून तोच संस्था आयडी येतो.