कोडिंग येत नाही म्हणून एचसीआय सोडू नका

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातली एक मुलगी सायकॉलॉजीत एमए करतेय, तिने परवा विचारलं की एचसीआयमधे, म्हणजे माणसं कंप्युटर आणि मोबाईल कसे वापरतात त्या विषयात, रिसर्च करायचाय पण कोडिंग येत नाही, मग जमेल का? मी म्हटलं अगं या विषयाचा पायाच सायकॉलॉजीवाल्यांनी घातलाय.

पॉल फिट्स हे सायकॉलॉजिस्टच. त्यांनी आणि रिचर्ड जोन्स यांनी अमेरिकन हवाई दलासाठी पायलटांच्या ४६० चुकांचे अनुभव गोळा केले, १९४७ साली रिपोर्ट आला, आणि त्यात दिसलं की कित्येकदा पायलटने एका ऐवजी भलताच दांडा ओढला होता. आता सारखे दिसणारे दांडे शेजारीशेजारी लावल्यावर घाईत दुसरं काय होणार! पुढे १९५४ मधे फिट्सचा नियम आला: हात एखाद्या जागी न्यायला लागणारा वेळ ती जागा किती लांब आणि किती रुंद यावर ठरतो. लांब आणि बारीक बटण म्हणजे जास्त वेळ, जवळ आणि मोठं म्हणजे कमी. १९७८ मधे झेरॉक्सच्या पार्क लॅबमधल्या लोकांनी माउस, जॉयस्टिक आणि कीज यांची तुलना केली, त्यात माउस सगळ्यात वेगवान निघाला आणि माउसला लागणारा वेळ याच नियमात बसला.

हे सगळं आपल्या मराठी टायपिंगला थेट लागू होतं. देवनागरीत व्यंजनंच तीसच्या वर, शिवाय स्वर, मात्रा, जोडाक्षरं, एवढं सगळं मोबाईलच्या स्क्रीनवर मांडलं तर प्रत्येक बटण बारीक होणारच. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या टीमने स्वरचक्र कीबोर्ड केला, त्यात क दाबून धरला की बोटाभोवती का कि की कु असं चक्र उघडतं आणि बोट जरासं सरकवलं की काम झालं. अंतर अगदी कमी! व्यंजनंही आपण शाळेत शिकलो त्या क ख ग घ च्या क्रमाने, त्यामुळे शोधाशोध कमी. मला हे काम मनापासून आवडतं, कारण यात इंजिनिअर, डिझाइनर आणि भाषा जाणणारे सगळेच लागतात.

करिअरचं म्हणाल तर डिझाइनच्या मास्टर्ससाठी सीड परीक्षा, मग पीएचडी. परीक्षा कुठल्याही शाखेच्या पदवीवर देता येते पण प्रवेशाच्या अटी प्रत्येक संस्थेच्या वेगळ्या, त्या नीट वाचा. आणि एक, या विषयात कॉन्फरन्सच्या पेपरला मोठा मान असतो, १९८२ पासून चालत आलेली सीएचआय सगळ्यात मोठी. इंटरॅक्ट ही आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स २०१७ मधे मुंबईत झाली होती, म्हणजे हे काही फक्त परदेशातलं काम नाही.

तिला मी एक विषयही सुचवलाय. संध्याकाळी तलावपाळीला बसणारे आजी-आजोबा मराठी मेसेज बोलून पाठवतात की टाइप करून, आणि कशात कमी चुका होतात? आधी त्यांची रीतसर परवानगी घ्यायची. मग अर्ध्यांना आधी बोलायला लावायचं, अर्ध्यांना आधी टाइप करायला, नाहीतर दुसऱ्या वेळी सराव झाल्यामुळे वेग वाढेल आणि आपण श्रेय भलत्यालाच देऊ. नुसता वेळ मोजून भागणार नाही, किती वेळा खोडलं तेही लिहायचं, आणि वाक्यं निवडताना त्यात जोडाक्षरं आणि माणसांची नावं हवीतच, कारण माझ्या अनुभवात गाडी अडते ती तिथेच.