हवामानासाठीच्या किरकोळ खर्चाला होणारा विरोध

हवामानबदल रोखायला हवा हे मान्य करूनही त्यासाठी खिशातून थोडे पैसे द्यायला लोक तयार नसतात, त्या प्रवृत्तीविषयीची ही नोंद. इंधनावरचा अधिभार, कचऱ्याचे मासिक शुल्क, भाजीबाजारात कापडी पिशवीचे पाच-दहा रुपये अशा रकमा घरखर्चात फारशा जाणवत नाहीत, पण विरोध मात्र कडवा होतो.

फ्रान्समध्ये जानेवारी २०१९ पासून डिझेलवरचा कर लिटरमागे साडेसहा सेंटने वाढणार होता. पिवळी जाकिटे घालून लोक रस्त्यावर उतरले आणि डिसेंबर २०१८ मध्ये सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी श्रीमंतांवरचा संपत्तीकर बहुतांशी काढून टाकला होता, आणि गाडीवाचून ज्यांचे चालत नाही अशा खेड्यांतल्या लोकांना ते झोंबले होते. स्वित्झर्लंडच्या मतदारांनीही २०२१ मध्ये कार्बनविषयक कायदा ५१.६ टक्के मतांनी फेटाळला. भारतात कोळशावरचा उपकर २०१० मध्ये टनामागे ५० रुपये होता, तो २०१६ पर्यंत ४०० झाला. त्यावर घरोघरी कुणी बोलले नाही, कारण वीजबिलात त्याची वेगळी ओळच नव्हती. म्हणजे रकमेपेक्षा ती कशी मागितली जाते, हे लोकांना जास्त लागते.

दुसरे कारण शेजाऱ्याविषयीचा अविश्वास. १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांच्या पाहणीत (२०२४) ६९ टक्के लोक उत्पन्नाचा एक टक्का द्यायला तयार होते. इतर किती जण देतील, या प्रश्नावर त्यांचा अंदाज सरासरी ४३ टक्क्यांचाच होता.

इंदूरमध्ये हे फार जवळून पाहता येते. घरोघरी कचरा उचलण्याचे शुल्क मागितले की रामबाग, लोकमान्यनगरातल्या मराठी घरांतही प्रश्न येई, "घरपट्टी भरतोच की, मग हे वेगळे कशाला?" हा प्रश्न चिक्कूपणाचा म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या आजोबांना आधी काम दिसायला हवे असते. इंदुरात ते दिसले: गाडी रोज दारात येऊ लागली, ओला-सुका कचरा वेगळा जाऊ लागला, आणि २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहर वर्षामागून वर्ष पहिले आले. देवगुराडियाच्या प्रकल्पात (२०२२) रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करण्याची क्षमता आहे. घरातली सालपटे त्या गॅसच्या रूपाने शहराच्या बसमध्ये जातात, हे कळल्यावर महिन्याचे शुल्क दंडासारखे वाटत नाही.

पाण्याची गोष्ट अवघड आहे. १९७० मध्ये इंदूरकरांनी आंदोलन करून नर्मदा मागितली, १९७८ मध्ये ती आली. पण नर्मदेकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, तेही माळव्याच्या पठारावर चढवून आणायचे म्हणजे वीज अफाट लागते. तेथेच ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून व्याजाने पैसे घेतले. सव्वाआठ टक्के व्याज होते. अर्ज सातशे कोटींच्या वर आले. हवामानासाठी पैसा निघतो तो असा. मात्र रोखे घेणाऱ्याला व्याज मिळते, आणि शिल्लकच नसलेल्या भाडेकरूच्या वाट्याला पाणीपट्टी येते. सौर विजेमुळे महिन्याला किती रुपये वाचले, तो आकडा त्या पाणीपट्टीच्या बिलावर छापून यायला हवा.