दुपारच्या शर्यतीत कुत्र्याच्या अंगात काय होतं?

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-निपाणी-अथणी पट्ट्यात सुगी उरकली की यात्रांचा हंगाम लागतो. बैलगाड्या, घोडागाड्या आणि त्यांच्या जोडीला काही गावांत कुत्र्यांच्या शर्यती. फलकावर वेळ सकाळी नऊची असते. पाहुणे येतात, नारळ फुटतो, शाली-फेटे उरकतात आणि पहिली कुत्री सुटतात तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं. तोवर ते सडपातळ मुधोळ कुत्रं टेम्पोच्या हौद्यात ताडपत्रीखाली उभं. मग ते पळतं, कधी जिंकतंही, आणि घटकाभरानं मालक कुणाला तरी गाठून सांगतो, "पळालं झकास, खरं आता उठंनाच की ओ!"

पळण्याचं अंतर काही फार नसतं. कुत्र्याला आडवं करते ती उष्णता, आणि त्यातला मोठा वाटा त्याच्याच अंगात तयार होतो. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा हालचालीला लागतो, बाकी सगळी उष्णता होते. पूर्ण वेगात पळणारं कुत्रं ती इतक्या झपाट्यानं तयार करतं की तेवढ्या वेळात ती बाहेर टाकणं त्याला शक्यच नसतं. ती अंगात साठते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. परदेशातल्या शर्यतींत धावून आलेल्या ग्रेहाउंडचं (ही मुधोळच्याच कुळातली परदेशी जात) ते १०५ ते १०६पर्यंत चढल्याचं मोजलं गेलं आहे. अर्ध्या-एक मिनिटाच्या धावेत एवढा फरक! तब्येतीनं चांगलं असलेलं कुत्रं हे सोसतं आणि सावलीत, वाऱ्यात हळूहळू उतरवतं. पण जे टेम्पोतच तापून धापा टाकत मैदानात उतरलं, त्याची मोजणी सुरूच वरच्या आकड्यापासून होते.

मुधोळ हे नजरेनं शिकार हेरून वेगानं गाठणाऱ्या कुत्र्यांच्या कुळातलं. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, अंगावर चरबी नावाला. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी ७० सेंटिमीटरच्या आसपास भरतो, वजन मात्र २२ ते २८ किलोच. मुधोळ गाव आज बागलकोट जिल्ह्यात, पण घोरपडे संस्थानामुळे त्याचा आपल्याकडच्या लोकांशी जुना संबंध. संस्थानिक मालोजीराजे घोरपड्यांनी ही जात जोपासली. २००५ साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं. जवळच्या तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. घेणाऱ्यानं पिल्लू निवडण्याआधी तिथं एकदा जाऊन यावं, असं माझं मत आहे. बाजारात 'ओरिजिनल मुधोळ' म्हणून काय काय विकतात ते बघवत नाही.

या कुळाच्या कुत्र्यांची दौड बघण्यासारखी असते. एका ढेंगेच्या चक्रात चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटतात: एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना, एकदा मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे येऊन पोटाखाली गोळा झालेले असताना. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. हे सगळं चालवायला रक्तही तसंच लागतं. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा बरंच जास्त असतं, हृदयही अंगाच्या मानानं मोठं असतं. धावेच्या सुरुवातीला प्लीहा, म्हणजे पोटातला रक्तपेशी साठवणारा अवयव, आकसते आणि राखून ठेवलेल्या पेशी रक्तात सोडते. थोडक्यात, कमी वेळात खूप उष्णता निर्माण करणारं हे शरीर आहे. ती बाहेर टाकायची सोय मात्र साध्या गावठी कुत्र्याएवढीच.

ती सोय म्हणजे धाप. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी पंजांच्या तळव्यांत असतात, त्यांचा अंग गार करायला फारसा उपयोग नाही. धापताना हवा मुख्यतः नाकातून आत जाते आणि तोंडातून बाहेर पडते. नाकाच्या आत पातळ हाडांची गुंडाळी असते, तिच्यावर ओलसर अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्यांचं जाळं. हवा त्यावरून जाते, पाणी उडतं, रक्त गार होतं. मिनिटाला ३००च्या आसपास श्वास! एवढ्या वेगानं छाती हलवायची तर त्या मेहनतीनंच आणखी उष्णता व्हायला हवी. पण छाती-फुप्फुसांना स्वतःची एक लय असते आणि धाप त्याच लयीत चालते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा धक्का पुरतो, तसं हे फारसं श्रमाविना चालतं. मुधोळचं लांब नाक इथं कामी येतं. बेळगाव शहरात, टिळकवाडीतल्या सोफ्यावर झोपणाऱ्या पग जातीच्या कुत्र्याला हे सुख नाही; त्याचं नाकच आखूड, म्हणून तो मे महिन्यात नुसता फिरायला नेला तरी घोरत-धापत परत येतो.

पाणी उडण्यावर सगळं अवलंबून असल्यानं आपल्या जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन वेगळ्या अडचणी आहेत. अथणीकडे चैत्र-वैशाखात हवा कोरडी, पाणी भराभर उडतं, पण कुत्र्याच्या अंगातलं पाणीही तितक्याच वेगानं संपतं आणि तापलेला माळ खालून भाजतो. खानापूरकडे पावसाळ्यात तापमान कमी, म्हणून लोक बिनधास्त असतात. पण हवाच इतकी ओली की धापेनं पाणी उडत नाही. पावसाची सर येऊन गेल्यावर लगेच ऊन पडलं, की जंगलकडेच्या वाटेवर कुत्र्याला मोटारसायकलमागे पळवणं मे महिन्याच्या दुपारीइतकंच घातक ठरू शकतं. रस्त्याची परीक्षा सोपी आहे: तळहाताची मागची बाजू डांबरावर ठेवा. सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे तळवेही तिथं ठेवू नका.

धावून आलेलं कुत्रं धापतं, लाळ गाळतं, जीभ लांब काढतं, इथपर्यंत ठीक. जीभ गडद लाल किंवा निळसर, चाल झोकांड्या खाणारी, हाक मारली तरी नजर भलतीकडे, उलटी, रक्ताची हगवण, झटके, यातलं काहीही दिसलं तर तो उष्माघात समजायचा. अशा वेळी थर्मामीटर शोधत बसू नये आणि लगेच गाडीतही घालू नये. आधी गार करा, मग दवाखाना. जे पाणी हाताशी असेल ते, बोअरचं असो की टाकीचं, अंगावर ओतत राहायचं. मांड्यांच्या आत, पोटाखाली, काखेत जास्त. आणि वारा घालायचा. तरणं, धडधाकट कुत्रं असेल तर थेट हौदात मानेपर्यंत बसवलं तरी चालतं, फक्त डोकं धरून ठेवायचं. 'एकदम गार पाण्यानं झटका बसतो' ही समजूत जुन्या पुस्तकांतही होती. आता पशुवैद्य उलट सांगतात: उशीर हाच जास्त जीव घेतो.

आपल्याकडे हमखास होते ती गोष्ट म्हणजे ओलं पोतं. कुत्र्याला आडवं करून भिजवलेलं गोणपाट अंगावर टाकतात आणि सगळे भोवती गोळा होतात. पोतं पाच-दहा मिनिटांत अंगाच्या उष्णतेनं कोमट होतं, त्याखालून पाणी उडत नाही आणि माणसांच्या कोंडाळ्यानं वाराही अडतो. पोतं टाकायचंच असेल तर जमिनीवर टाकून त्यावर कुत्रं ठेवा, आणि बघ्यांना हाकला. दुसरी गोष्ट कांद्याची. माणूस चक्कर येऊन पडला की कांदा फोडून नाकाशी धरतात, तोच उपाय कुत्र्यावर होतो आणि वर थोडा रस तोंडातही पिळतात. शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतलं तर ते फुप्फुसात जाण्याची भीती. शिवाय कांदा कुत्र्याला विषारी, तो तांबड्या पेशी फोडतो. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्यानं रक्तात बदल दिसू लागतात. आमटी-पिठल्यातला कांदा-लसूण रोज थोडा थोडा गेला तरी ते चांगलं नाही. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून मोजून १०३ला आलं की पाणी थांबवायचं, नाहीतर अंग प्रमाणाबाहेर गार पडतं. कुत्रं उठून चालू लागलं तरी दवाखाना चुकवू नये. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याची क्रिया यांचं नुकसान कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं.

अंगात आधीच ताप असलेलं कुत्रं मैदानात उतरवणं हा आणखी एक धोका, आणि आपल्याकडे त्याचं मोठं कारण गोचीड. तपकिरी गोचीड घराघरांत राहणारी. मादी तीन-चार हजारांपर्यंत अंडी घालते, तीही कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर गोठ्याच्या दगडी भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, खाटेखाली. अंगावर दिसते ती थोडी, घरात असते ती जास्त. म्हणून नुसतं कुत्रं धुऊन भागत नाही, भिंतीच्या फटी लिंपाव्या लागतात. तिच्या चाव्यातून दोन मोठे आजार येतात. एर्लिकिया हा जंतू पांढऱ्या पेशींत शिरतो, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात, नाकातून रक्त येतं. बॅबेसिया तांबड्या पेशींतच वाढतो आणि त्या फोडतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी कॉफीसारखी होते. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण २८ दिवस द्यावं लागतं. चौथ्या दिवशी कुत्रं भाकरी खाऊ लागलं की मालक गोळ्या बंद करतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

निपाणी भागात तंबाखू हाताशी, म्हणून गोचीड मारायला तंबाखूचं पाणी चोळायची रीत आहे. निकोटीन कातडीतून सरळ रक्तात जातं. ओली पानं खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर येते ती यामुळेच. कुत्र्याच्या बाबतीत ते अंग चाटतं हे वेगळं. लाळ, उलट्या, थरथर आणि मग झटके. पिकावर मारायचं औषध पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालणारेही आहेत. यांच्याशी मी वाद घालत नाही, पशुवैद्याकडच्या गोचिडाच्या गोळीची किंमत आणि सलाईनच्या बाटल्यांची किंमत एवढंच शेजारी शेजारी मांडून दाखवतो.

गोचिडीमुळे येणाऱ्या या तापात, म्हणजे गोचीड तापात, या कुळाच्या कुत्र्यांची एक पंचाईत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाचा आकडा सर्वसाधारण कुत्र्यात ३७ ते ५५ टक्के धरतात. ग्रेहाउंडमध्ये तो ५०च्या वरच असतो. म्हणजे त्याच्या रिपोर्टवर ४० आलं तर प्रयोगशाळा 'नॉर्मल' लिहील, प्रत्यक्षात कुत्र्याचं रक्त घटलेलं असेल. प्लेटलेटचं उलटं: त्या निरोगी ग्रेहाउंडमध्येही मुळात कमी असतात, आणि तेवढ्यावरून विनाकारण गोचीड तापाचे उपचार सुरू होऊ शकतात. मुधोळ त्याच घराण्यातला. त्यामुळे कुत्रं ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवावा. आजारात तुलना करायची ती त्याच्याशी. नसबंदीच्या वेळीही डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी. ग्रेहाउंडचं यकृत भुलीची काही औषधं फार सावकाश निकामी करतं.

खाण्याविषयी थोडंच सांगतो. ज्वारीची भाकरी कुत्र्याला पचत नाही हे शहरी फॅड. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, कुत्र्यात कितीतरी जास्त. माणसाच्या उष्ट्यावर वाढलेल्या प्राण्यात हे आश्चर्याचं नाही. पण नुसती भाकरी आणि दूध यावर पळणारं कुत्रं घडत नाही. अंडी, मटणाचे तुकडे, मासळी हवीच, आणि वाढत्या पिल्लाचा आहार डॉक्टरांना विचारून. खोल छातीच्या कुत्र्याला पोटभर खायला घालून लगेच पळवू नये, पळून आल्यावर लगेच खायला घालू नये. पोट फुगून पीळ पडतो. रिकाम्या ओकाऱ्या आणि ढोलासारखं पोट दिसलं तर घड्याळ बघत बसायचं नाही. अथणी-विजापूरकडे द्राक्षं आणि बेदाण्यांचा हंगाम असतो तेव्हा शेडजवळ कुत्रं बांधू नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील याचा भरवसा नाही.

तयारी म्हणजे रोज दमवणं, असा आपल्याकडे समज. खरी तयारी शरीराला उन्हाची सवय लावण्याची, आणि ती व्हायला दोन-तीन आठवडे तरी लागतात. सकाळी लवकर चालणं, मग थोडी धाव, पुन्हा चालणं. रोज थोडं थोडं वाढवत. वर्षाच्या आतलं पिल्लू शर्यतीला नको, कारण हाडांच्या टोकांची वाढ अजून चाललेली असते. आणि जिवंत ससा सोडून सराव करणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सरळ गुन्हा आहे. दोरीला बांधलेलं फडकं ओढत नेलं तरी ही कुत्री तितकीच पळतात, कारण त्यांची नजर हलणाऱ्या वस्तूवर जाते.

धावणाऱ्याला परत बोलावणं हा सगळ्यात अवघड धडा. लांब दोरी लावून, गळ्यात पट्टा नव्हे तर छातीपट्टा घालून, हाक मारायची. वळलं की त्याच क्षणी तुकडा द्यायचा. तीन-चार सेकंद उशीर झाला तर कुत्रं तुकड्याचा संबंध भलत्याच गोष्टीशी जोडतं. आमच्याकडे घरात आजी 'ये' म्हणते, शेतावरचा गडी कानडीत 'बा' (ये) म्हणतो, पोरगं 'कम' म्हणतं. बुडापेस्टच्या संशोधकांनी स्कॅन करून दाखवलंय की कुत्र्याच्या मेंदूला ओळखीची आणि अनोळखी भाषा वेगळी कळते, तेव्हा कानडी-मराठी दोन्ही ऐकणारं आमचं कुत्रं काही गोंधळून वेडं होणार नाही. तरी एका कामाला घरात एकच हाक ठरवा, निदान शिकेपर्यंत.

शर्यत झाल्यावर लगेच टेम्पोत कोंबू नका. धाप ओसरेपर्यंत सावलीत हळू चालवा, पाणी घोट-घोट द्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते लघवी कुठं करतंय तिथं जाऊन रंग बघा. न तयार झालेलं कुत्रं उन्हात अति पळालं तर स्नायू फुटून त्यातला रंगद्रव्याचा अंश लघवीत उतरतो, ती गडद तपकिरी होते, कुत्रं मागच्या पायांनी ताठ चालतं, पाठ दाबली की कळवळतं. बॅबेसियातही लघवी अशीच दिसते. पहिल्यात मूत्रपिंडं वाचवायला सलाईन लागतं, दुसऱ्यात जंतू मारायचं औषध. दोन्हींतला फरक रंगावरून कळत नाही. त्यासाठी त्याच दिवशी कानाच्या कडेचा रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो.