शर्यतीची हलकी मोटारसायकल आणि तिची चासी

शर्यतीची हलकी मोटारसायकल ही ताकदीच्या जोरावर जिंकत नाही. वजन कमी, त्यामुळे ब्रेक उशिरा मारता येतो आणि वळणात वेग टिकतो, हे तिचे बळ. बहुतेक वेळा एकच सिलिंडर, १२५ ते ५५० सीसीच्या दरम्यान. होंडाची एनएसएफ२५०आर ही मोटो३ (जागतिक शर्यतींचा सर्वांत हलका गट) गटातली गाडी साधारण ८४ किलोची आहे आणि तिच्या दोन चाकांतले अंतर सुमारे १,२२० मिलिमीटर. रस्त्यावरची दीडशे सीसीची गाडी हिच्यापेक्षा पन्नास किलोने जड भरते.

चासीचे खरे काम एकच: कोनसेट (हँडल ज्यावर वळते ती बेअरिंग) बसतो ती मुंढी आणि मागचा चिमटा (मागचे चाक धरणारा दांडा) जिच्यावर हलतो ती पिन, यांना एकमेकांच्या ओळीत धरून ठेवणे. इंजिन, टाकी, सीट हे टांगायचे सामान. ही दोन ठिकाणे जितक्या सरळ वाटेने जोडली जातील तितकी कमी धातूत चासी ताठ होते. गेल्या पाऊणशे वर्षांतल्या चासीच्या कल्पना या एका वाक्याभोवती फिरतात.

१९५० मध्ये मॅकँडलेस बंधूंच्या ‘फेदरबेड’ चासीने इंग्लंडच्या नॉर्टन गाड्यांना नवी पकड दिली, पण तिच्या दोन नळ्या इंजिनाला लांबचा वळसा घालून जात. इटलीच्या मोटो गुझी कंपनीच्या जूलिओ कार्कानोने वजन हाच शत्रू मानला. त्याच्या एकसिलिंडरी गाड्यांनी १९५३ ते १९५७ अशी सलग पाच वर्षे ३५० सीसीचे जगज्जेतेपद घेतले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनच्या अँटोनिओ कोबास याने मुंढीपासून चिमट्याच्या पिनेपर्यंत अ‍ॅल्युमिनियमच्या दोन रुंद तुळया थेट नेल्या. त्याच्या जेजे कोबास गाडीवर आलेक्स क्रिव्हिये १९८९ मध्ये १२५ सीसीचा जगज्जेता झाला. यामाहाची डेल्टाबॉक्स चासी त्याच जातीची. आपल्याकडे ती २००८ च्या आर१५ बरोबर लोखंडात आली.

न्यूझीलंडच्या जॉन ब्रिटनने व्ही१००० मध्ये वेगळी चासी ठेवलीच नाही: इंजिनच कणा, कार्बन फायबरचे भाग त्याला जोडलेले, रेडिएटर सीटखाली. गाडी मोठी होती, पण हलकेपणाचा धडा म्हणून तिच्याइतकी मोलाची दुसरी गाडी नाही.

ताठपणाला मर्यादा आहे. गाडी ५५ अंशांवर झुकलेली असताना रस्त्याचा दणका शॉकअपच्या दिशेत येत नाही, तो आडवा येतो. तेव्हा चासीने स्वतःच थोडे आडवे लवायला हवे. डुकाटीने २००९ मध्ये मोटोजीपीत (जागतिक शर्यतींचा सर्वांत वरचा गट) कार्बन फायबरची रचना आणली. २०१२ मध्ये ती सोडून अ‍ॅल्युमिनियमच्या तुळयांची चासी घेतली. त्याच २०१२ साली मोटो३ चे पहिले विजेतेपद केटीएमच्या लोखंडी नळ्यांच्या जाळीदार चासीने जिंकले. लोखंड जुने झाले असे म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. टायटॅनियमची चासी मात्र आंतरराष्ट्रीय नियमांत चालत नाही.

नळी निवडताना एक हिशेब पाठ असावा. पातळ नळीचे वजन व्यास आणि जाडी यांच्या गुणाकारावर ठरते, वाकण्यातला ताठपणा व्यासाचा घन आणि जाडी यांच्या गुणाकारावर. म्हणजे व्यास दुप्पट, जाडी निम्मी केली तर वजन तेवढेच आणि ताठपणा चौपट. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या एक तृतीयांश वजनाचे, पण ताठपणाही एक तृतीयांशच. तीच नळी नुसती अ‍ॅल्युमिनियमची करून फायदा शून्य. छेद मोठा करावा लागतो. हाताने बांधायच्या जाळीदार चासीला २५.४ मिमी व्यासाची, १.६ मिमी जाडीची बिनजोड क्रोममॉलिब्डेनम पोलादाची नळी पुरते.

कोकणात बांधताना

कोकण किनाऱ्यावर डांबरी शर्यतीचा कायमस्वरूपी ट्रॅक नाही. इथे बांधलेली गाडी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर न्यावी लागते. आंबोली किंवा कुंभार्ली घाट हा चाचणीचा ट्रॅक नव्हे. तिथे समोरून एसटी येते.

इथला मोठा प्रश्न हवेचा. पावसाळ्यात घासून ठेवलेली नळी रात्रभर उघडी राहिली की सकाळी तांबूस दिसते. नळ्या कापणे, टॅक (तात्पुरते टाके) मारणे आणि आर्गन वेल्डिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावे. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की आर्गनचे आवरण उडते आणि वेल्डमध्ये बारीक छिद्रे राहतात, म्हणून काम सकाळी, दार लावून. अ‍ॅल्युमिनियमला दमटपणा आणखी बाधतो. शिवाय ६०६१-टी६ हा त्याचा मिश्रधातू वेल्ड केला की सांध्याशेजारची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते; पुन्हा उष्मोपचाराची सोय नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

बंद नळी वेल्ड करताना आतली हवा तापून फुगते आणि शेवटच्या टाक्यातला वितळलेला धातू बाहेर फेकते. त्यासाठी शेजारच्या नळीत उघडणारे ३ मिमीचे भोक आधीच पाडतात. पण हवा बाहेर सोडणारे शेवटचे भोक उघडे राहिले तर नळी खारी हवा ओढत राहते आणि आतून गंजते. वरचा रंग शाबूत, आत पापुद्रे. काम झाल्यावर त्यातून शंभरेक मिली उकळलेले जवसाचे तेल घालावे, चासी सगळ्या बाजूंनी फिरवावी, तेल निथळू द्यावे आणि भोक रिव्हेटने बंद करावे. रंग फिकट आणि पातळ असावा. जाड पावडर कोटिंगखाली तडा दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियमला कार्बन फायबर थेट टेकवू नये, मध्ये काचतंतूचा थर द्यावा. नाहीतर खाऱ्या ओलीत अ‍ॅल्युमिनियम पांढरे पडून खाल्ले जाते. मॅग्नेशियमची चाके इथे घेऊच नयेत.

फेअरिंगसाठी, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या कवचासाठी, किनाऱ्यावर फायबरच्या होड्या करणारे कारागीर उत्तम. त्यांचा हात मात्र होडीच्या जाडीचा असतो. त्यांना मॅटऐवजी (तुटक काचतंतूंचा जाड थर) चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या विणलेल्या कापडाचे दोनच थर द्यायला सांगावे. हार्डनर रेझिनच्या १ ते २ टक्के. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारे रसायन) आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावे, मग हार्डनर. ही दोन रसायने थेट एकत्र आली तर स्फोट होऊ शकतो.

चाके ओळीत आहेत का हे तंगुसाने (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने) पाहता येते. गाडी उभी धरून तंगूस मागच्या टायरभोवती, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन्ही बाजूंनी पुढे ताणावा. पुढचा टायर अरुंद असल्याने दोन्हीकडे फट राहते. ती समान हवी. एका बाजूला २ मिमी जास्त असेल तर आधी चेन अ‍ॅडजस्टर पाहावा, मग चिमट्याचे बुश, आणि शेवटी चासीवर संशय घ्यावा.

मुंढीचा कोन २२ ते २४ अंश आणि ट्रेल, म्हणजे कोनसेटची रेषा जमिनीला मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर, ८० ते १०० मिमी ठेवतात. फोर्कच्या नळ्या त्यांना धरणाऱ्या टीमधून १० मिमी वर सरकवल्या तर कोन सुमारे ०.४ अंशांनी आणि ट्रेल अडीच मिमीने कमी होतो. गाडी चटकन वळते. अति केले तर सरळ रस्त्यावर हँडल फडफडते.

दर शर्यतीनंतर मुंढीखालच्या गसेटची (सांध्याला बळकटी देणाऱ्या त्रिकोणी पट्टीची) टोके पुसून भिंगाने पाहावीत. तडा बहुधा तिथेच, वेल्डच्या कडेला केसासारखा सुरू होतो. त्यावर वरून वेल्ड मारून गाडी शर्यतीत उतरवू नये. ती नळी कापून नवीच घालावी.